‘घरी बसून पगार खाल्ला’ म्हणणाऱ्यांना उत्तर

कोकणकडा:
परवा इथे एकाने लिहिलं, की कोविडच्या दोन वर्षांत प्राध्यापकांनी घरी बसून पगार खाल्ला, आणि वर त्यांना मानसिक आधाराच्या हेल्पलाइनी हव्या होत्या, सगळे चोचले. दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

३ जून २०२०ला निसर्ग वादळ आमच्या श्रीवर्धन तालुक्यावर आलं. घराची कौलं गेली, सुपारीची बाग आडवी झाली. वीज आली ती तीन आठवड्यांनी. त्याच दिवसांत प्रथम आणि द्वितीय वर्षाचे अंतर्गत गुण भरून पाठवायचे होते. बाजारात एकाकडे जनरेटर होता, तिथे रांगेत उभं राहून लॅपटॉप चार्ज करायचा, मग पाण्याच्या टाकीपर्यंत चढायचं, कारण एक काडी रेंज तिथेच. पावसात छत्री लॅपटॉपवर धरायची, आपण भिजायचं. हे ‘घरून काम’!

आणि आधाराचं म्हणाल तर यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, एप्रिल २०२०मध्येच विद्यापीठांना कळवलं होतं, हेल्पलाइन सुरू करा, मुलांची विचारपूस करत राहा. आमच्याकडे त्याचं काय झालं? एक पीडीएफ आली. ‘समुपदेशन कक्ष’, खाली दोन मोबाइल नंबर. त्यातला एक माझा. मी भूगोल शिकवतो. रात्री साडेअकराला एखादी मुलगी फोनवर नुसती रडते, तेव्हा काय बोलायचं हे मला कुणी शिकवलं नव्हतं. नंतर ताणतणावावर एक वेबिनार झाला, प्रश्नमंजूषा सोडवली की ई-सर्टिफिकेट. संपलं.

एक_पालक_सोलापूर:
सर, वादळाचं ऐकून वाईट वाटलं. पण तुमच्यासारखे किती? माझा मुलगा एस. वाय.ला होता. आठवड्यातून दोन लेक्चरं, बाकी पीडीएफ. फी मात्र पूर्ण घेतली, जिमखाना आणि ग्रंथालयासकट. कुलूप लावलेल्या ग्रंथालयाची फी! मी रिक्षा चालवतो, तीन महिने रिक्षा दारात उभी होती. माझी विचारपूस कुणी केली?

तासिकावाली:
दादा, पूर्ण पगाराचे प्राध्यापक आणि आम्ही एकाच तागडीत घालू नका. मी नेट, म्हणजे प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा, पास, तासिका तत्त्वावर. तासिका झाली तरच पैसे. मार्चमध्ये कॉलेज बंद, तासिका बंद. पुढच्या वर्षी नेमणुकाच लांबल्या. मी शिलाई मशीनवर मास्क शिवून घर चालवलं. जुलै २०२०मध्ये केंद्राने मानसिक आधारासाठी ‘मनोदर्पण’ सुरू केलं, त्याच्या हेल्पलाइनला मी फोनही केला. पलीकडच्या ताई चांगल्या बोलल्या, खोटं कशाला सांगू. पण माझं दुखणं थकलेल्या भाड्याचं होतं, त्यावर त्या बिचाऱ्या काय करणार?

वाणिज्य_शाखा:
सगळं मान्य. मुलांचंही थोडं बोला. ऐंशी जणांचा वर्ग, कॅमेरे बंद. नाव घेतलं की शांतता. तास ४८ मिनिटांचा, फुकटचं झूम ४० मिनिटांना तुटायचं, परत जोडलं की निम्मे गायब. हजेरी लावून झोपायची. दोन वर्षं मी भिंतीशी बोललो. माझं मन कुणाला दिसलं का?

शेवटचं_वर्ष_२०२०:
झोपायची? घाटकोपरच्या चाळीत दहा बाय बाराची खोली. पडद्यापलीकडे बाबा खोकत पडलेले, इकडे आई कुकर लावतेय, भाऊ त्याच्या शाळेच्या तासाला. कॅमेरा लावून काय दाखवू, सर? दिवसाचा दीड जीबी डेटा दोघांत. कॅमेरा लावला तर दुपारी तीनलाच संपायचा.

आणि शेवटचं वर्ष म्हणजे काय होतं ते ऐका. राज्याने सांगितलं परीक्षा नाही, यूजीसी म्हणालं होणारच, २८ ऑगस्टला सुप्रीम कोर्टाने निकाल दिला, ऑक्टोबरमध्ये मोबाइलवर पर्याय निवडत पेपर दिले. तोवर रोज सकाळी उठून ‘आज काय ठरलं’ एवढंच बघायचं.

वाणिज्य_शाखा:
सगळ्यांच्या घरी खोकणारे वडील नव्हते. वर्गात माइक चुकून सुरू राहिला की गेमचे आवाज यायचे. मी स्वतः ऐकलेत.

शेवटचं_वर्ष_२०२०:
असतील तसेही. पण तुम्ही कधी एकेकाला फोन करून विचारलंत, ‘का गं, कॅमेरा का नाही?’ बाबा गेले त्या दिवशी मी आमच्या सरांना मेसेज टाकला: ‘सर, बाबा गेले, असाइनमेंट उशिरा दिली तर चालेल का?’ उत्तरात अंगठा आला. नुसता अंगठा. तो मेसेज अजून फोनमध्ये आहे.

रजिस्टर_विभाग:
कॅमेऱ्यावर इतकं भांडताय, आम्हाला तर घरून कामच नव्हतं. मार्कशीट, दाखले, परीक्षेची कामं घरून होत नाहीत. जून-जुलैमध्ये लोकलमध्ये आम्हाला घेत नव्हते. डोंबिवलीहून तीन बस बदलून जायचो. शिक्षकेतर कर्मचारी हा शब्द या धाग्यात एकदाही आला नाही, तेव्हाही कुणाच्या डोक्यात नव्हता.

एक_पालक_सोलापूर:
रजिस्टरवाले भाऊ, चुकलं. माझ्याही डोक्यात नव्हतं. ताई, तुमच्या पैशांचंही ठाऊक नव्हतं. फीचा मुद्दा मात्र मी सोडणार नाही.

कोकणकडा:
फीचा मुद्दा सोडूच नका, तो बरोबर आहे. आमच्या कॉलेजनेही पूर्ण घेतली, तेव्हा मी बोललो नाही. बोलायला हवं होतं.

वाणिज्य_शाखा:
झोपायची म्हणालो ते सगळ्यांना लागू नाही, मागे घेतो. पण शिक्षकही थकले होते. १५ फेब्रुवारी २०२१ला कॉलेजं उघडली, लगेच परत बंद, मग थेट २० ऑक्टोबरला. प्रत्येक वेळी सगळं नव्याने. त्या सरांनी अंगठा का टाकला ते मी समजू शकतो. रोज शंभर मेसेज यायचे, त्यांतले निम्मे न वाचताच…

शेवटचं_वर्ष_२०२०:
न वाचता. तेच म्हणतेय मी.

वाणिज्य_शाखा:
हो. माझ्याकडूनही कुणाला असा अंगठा गेला असेल. त्या वर्षीचा वर्गाचा ग्रुप अजून आहे फोनमध्ये. आज बसून वाचतो.