अदिस अबाबाहून एका दिवसात: देब्रे लिबानोस आणि अबायची दरी जमेल का?

पथिका

ऑक्टोबरच्या मध्यात कामानिमित्त इथिओपियात, अदिस अबाबाला जाणार असून तेथे एक रविवार पूर्ण मोकळा मिळणार आहे. सोबत आई असेल. सपाटीवर ती भरपूर चालते, मात्र खडी चढण तिच्या गुडघ्यांना सोसत नाही. लालिबेलाची खडकात कोरलेली अकरा चर्च धावतपळत पाहण्यात अर्थ नाही, म्हणून तो बेत मी पुढच्या खेपेसाठी राखून ठेवला आहे. शहराच्या उत्तरेचा देब्रे लिबानोस मठ, त्याजवळचा ‘पोर्तुगीज पूल’ आणि त्यापुढे अबाय, म्हणजे निळ्या नाईलची दरी, ही तिन्ही ठिकाणे गाडीने एका दिवसात नीट पाहून होतात का? चर्चमध्ये आपल्यासारख्या परधर्मीयांनी काय पाळावे, हेही कळले तर बरे होईल.

डोंगरवाट

तिन्ही ठिकाणे होतात, पण नीट होत नाहीत. मठ अदिसपासून साधारण १०० किलोमीटरवर आहे आणि अबायच्या दरीचा कडा, म्हणजे गोहा त्सियोन गाव, जवळजवळ तितकेच आणखी पुढे आहे. दरीत उतरून पुन्हा वर येण्याचा घाट आणि परतीचा प्रवास धरला, तर बहुतेक दिवस गाडीतच जातो. शिवाय त्या रस्त्यावर गुरे आणि पायी जाणारी माणसे सतत असतात, त्यामुळे अंधार पडल्यावर तेथून गाडी आणणे शहाणपणाचे नाही. मी तुमच्या जागी असतो तर अबाय सरळ वगळली असती. दरीच पाहायची असेल, तर ती मठाजवळच दिसते: पठार अचानक संपते आणि खाली जेम्मा नदीचे खोरे उघडते, आणि हीच नदी पुढे अबायला मिळते.

पहाटे सहाच्या सुमारास निघावे. शहरालगतच्या एंटोटो डोंगराच्या चढणीवरची निलगिरीची दाट झाडे मूळची तेथली नाहीत. सम्राट दुसऱ्या मेनेलिकच्या काळात नव्या राजधानीला सरपण पुरेनासे झाले, तेव्हा ऑस्ट्रेलियातील हे झाड आणून लावले गेले. सुलुल्ता आणि चांचो ही गावे मागे पडली की उघडे पठार लागते. ऑक्टोबरमध्ये पावसाळा नुकताच सरलेला असल्याने टेफ या तेथल्या मुख्य धान्याची शेते हिरवी असतात आणि बांधांवर अदेय अबेबाची पिवळी रानफुलेही दिसतात.

पूल नावापुरता पोर्तुगीज आहे. तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्थानिकांनीच बांधलेला आहे. त्याखालचा ओढा लगेच पुढे कड्यावरून कोसळतो. उन्हाळ्यात हा धबधबा जवळजवळ आटतो, मात्र तुम्ही जाल तेव्हा त्याला पाणी असेल. पायवाट लांब नाही, परंतु दगडधोंड्यांची आहे, म्हणून आईंनी कड्यावरच बसावे. त्यांचे काही फारसे चुकणार नाही, कारण गेलाडा माकडे तेथेच चरत असतात. छातीवर लाल डाग आणि नरांना भरदार आयाळ असलेली ही माकडे मुख्यतः गवतावर जगतात आणि इथिओपियाच्या डोंगराळ भागाखेरीज कोठेही आढळत नाहीत. रात्री ती कड्याच्या कपारींत झोपतात. सकाळी वर येऊन गवत खुडताना त्यांचे कळपच्या कळप दिसतात. त्यांना खायला मात्र घालू नये.

बखरवाचक

मठ पाहताना एक गोष्ट माहीत असावी, नाहीतर निराशा होते. तेराव्या शतकात संत तेक्ले हायमानोत यांनी स्थापलेल्या मठात आज दिसणारे मोठे चर्च सम्राट हायले सेलासी यांच्या कारकिर्दीत, विसाव्या शतकात बांधलेले आहे. जुने काही का उरले नाही, याचे उत्तर या जागेच्या महत्त्वातच आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इथिओपियाच्या चर्चचा प्रमुख इजिप्तमधून पाठवला जात असे, त्यामुळे देशी धर्मगुरूंमध्ये या मठाच्या अधिपतीचे, म्हणजे इचेगेचे, स्थान सर्वांत वरचे होते. साहजिकच १५३१ मध्ये अदलच्या मुस्लीम सल्तनतीच्या इमाम अहमदच्या सैन्याने चर्च जाळले.

त्याहून भीषण प्रसंग १९३७ चा, देश इटलीच्या ताब्यात असतानाचा आहे. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत अदिसमध्ये इटालियन व्हाइसरॉय ग्राझियानीवर बॉम्बहल्ला झाला. हल्लेखोरांना मठाने आश्रय दिल्याच्या संशयावरून त्याने मे महिन्यात येथील भिक्षू आणि यात्रेकरूंना ठार मारण्याचा हुकूम दिला. त्याच्या स्वतःच्या तारांमधील आकडा काही शेकड्यांचा आहे. पुढील संशोधकांचा अंदाज दीड ते दोन हजारांपर्यंत जातो. रंगीत काचांच्या खिडक्या पाहून दहा मिनिटांत बाहेर पडणाऱ्या पर्यटकांना हे कोणी सांगत नाही, याचे मला नेहमी वाईट वाटते.

दक्षिणायन

आईंच्या गुडघ्यांचा विचार केला, तर मी उत्तरेऐवजी दक्षिणेकडचा रस्ता सुचवेन. अदादी मरियम हे खडकात कोरलेले चर्च त्याच दिशेला आहे आणि परंपरा त्याचा संबंध राजा लालिबेलाशी जोडते. थोड्या पायऱ्या उतरल्या की आत जाता येते. पुढे तिया येथे तलवारींची चित्रे कोरलेले उभे दगड आहेत, ज्यांचा १९८० मध्ये जागतिक वारशात समावेश झाला. दगडांभोवतीची जागा सपाट आहे. मात्र जेम्माच्या खोऱ्यासारखे दृश्य या बाजूला नाही, हे मान्य करावे लागेल.

पथिका

सर्वांचे आभार. अबाय वगळली. रविवारी प्रार्थनेच्या वेळी आत जाता येते का, आणि रस्ता सध्या सुरक्षित आहे का?

डोंगरवाट

रविवारची प्रार्थना पहाटेच सुरू होते. आधी पूल आणि माकडे पाहून उशिरा सकाळी मठात पोहोचलात, तर गर्दी ओसरलेली असेल. पादत्राणे बाहेर काढावीत, स्त्रियांनी डोके आणि खांदे झाकावेत, आणि पुरुष व स्त्रियांच्या बाजू वेगळ्या असतात हे लक्षात ठेवावे. गाभाऱ्यात केवळ पुरोहित जातात. छायाचित्र काढण्यापूर्वी विचारावे. वरच्या गुहेपर्यंत, जेथे संतांनी तप केले असे मानतात, चढण आहे. तेथे आईंना नेऊ नये.

गाडी ठरवताना वेळ दोनदा पक्की करावी. तेथील घड्याळ सूर्योदयापासून मोजते, म्हणजे आपले सकाळचे सात हे चालकाच्या लेखी एक वाजता असतात, आणि यात खरोखरच घोटाळे होतात.

सुरक्षिततेबद्दल आज कोणी खात्री देऊ नये. हा मठ ज्या उत्तर शेवा भागात आहे, तेथे गेल्या काही वर्षांत अधूनमधून अशांतता राहिली आहे, म्हणून आदल्या दिवशी हॉटेलात आणि चालकाकडे, दोन्हीकडे चौकशी करावी. उत्तरेचा रस्ता बंद असल्याचे कळले, तर दक्षिणायन यांनी सुचवलेला बेत हाताशी ठेवावा; मात्र तियाच्या बाजूची चौकशीही त्याच वेळी करून घ्यावी.