मदत हवी आहे: कफल्लक दिग्दर्शकांच्या कॉमेडीचा शेवट सुचेना

मंडळी, एक उपहासात्मक पटकथा लिहितोय. दोन कफल्लक दिग्दर्शक निर्माता शोधत वणवण फिरतात. एका शेठजींना भाच्याला हीरो करायचंय, दुसऱ्यांना शोकांतिकेत आयटम साँग हवंय. स्टारच्या तारखांशिवाय पैसा नाही, पैशांशिवाय तारखा नाहीत, हे त्रांगडं मस्त जमलंय (स्वानुभव, दुसरं काय!). घोडं अडलंय पुढे. स्टारला पत्ता लागू न देता त्याचंच शूटिंग करायचं ठरवलं, तर ते १९९९ च्या 'बोफिंगर' या हॉलिवूड कॉमेडीत स्टीव्ह मार्टिनने आधीच उरकलंय.

आता शेवटी पैसे मिळावेत की नाही? मिळाले तर उपहास बोथट होतो, नाही मिळाले तर प्रेक्षक हिरमुसतो. तिसरी वाट कुणाला दिसतेय का? मानधनाचं मात्र विचारू नका, निर्माता शोधतोय.