[गप्पा] खालची जादा खोली: प्लॅनवर स्टडी लिहायचं की बेडरूम?

प्रेषक: प्रसाद

नमस्कार मंडळी,

एरवी मी या लिस्टवर नुसता वाचक असतो, आज मदत पाहिजे. इकडे मॅसॅच्युसेट्समध्ये सडबरीला जागा घेतलीय हे बऱ्याच जणांना माहीत आहेच, आता प्लॅन फायनल करायची वेळ आलीये आणि बिल्डर मागे लागलाय की या आठवड्यात काय ते सांगा. वरती चार बेडरूम, गॅरेजवर एक बोनस रूम, खाली किचन, फॅमिली रूम, डायनिंग, आणि दारातून आत आलं की उजव्या हाताला एक 11 बाय 12 फुटांची खोली, तिला लागून बाथरूम. सगळा वाद त्या खोलीवरून आहे. मला तिथे ऑफिस पाहिजे कारण निम्मा आठवडा मी घरूनच काम करतो, बायकोला देवघर पाहिजे, आणि आईबाबा आले की सहा-सहा महिने राहतात, आईचे गुडघे आता जिन्याला दाद देत नाहीत, त्यामुळे खरं तर ती खोली त्यांचीच व्हायला हवी हे आम्हा दोघांनाही कळतंय.

बिल्डर म्हणतो प्लॅनवर ‘स्टडी’ लिहू, कारण सेप्टिक, म्हणजे अंगणात सांडपाणी मुरवायची टाकी वगैरे, चार बेडरूमची डिझाइन झालीये, पाचवी बेडरूम दाखवली तर सगळं परत करावं लागेल, नंतर तुम्ही आत पलंग टाका नाहीतर गाद्या घाला, कोण बघायला येतंय. ऑफिसमधला एक जण म्हणाला क्लोझेट (भिंतीतलं कपाट) नसेल तर ती बेडरूम धरतच नाहीत. दुसरा म्हणाला ऑफिस म्हणून दाखव, टॅक्समध्ये सूट मिळेल. बेसमेंट सध्या तसंच ठेवतोय, पुढे मुलं मोठी झाली की टीटी टेबल आणि मोठा टीव्ही टाकून एक खोली काढू असं डोक्यात आहे. तर लिहायचं काय?

प्रसाद

प्रेषक: मंदार

अरे स्टडी लिहून टाक आणि मोकळा हो. आमच्या गल्लीत निम्म्या घरांत ‘स्टडी’मध्ये सासूबाई राहतात. पुण्यात बिल्डर अडीच बीएचके विकतो तेव्हा त्या अर्ध्या खोलीला आपण कधी विचारलंय का तू कोण म्हणून? तेच इथे.

मंदार

प्रेषक: सुहासकाका

प्रसाद,

आधी मंदारसाठी: सेप्टिकला मंजुरी देणाऱ्या बोर्ड ऑफ हेल्थचा माणूस पाटी वाचत नाही बाबा, खोली वाचतो. रिटायर होईपर्यंत माझं निम्मं आयुष्य हेच प्लॅन काढण्यात आणि टाउन हॉलमध्ये त्यांच्यापुढे उभं राहण्यात गेलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर शेवटचा परिच्छेद वाच.

आपल्याकडे मॅसॅच्युसेट्समध्ये सेप्टिकचा सगळा कारभार टायटल 5 या नियमांवर चालतो आणि बेडरूम कशाला म्हणायचं ते त्यात लिहून ठेवलंय. आडोसा असलेली, मुख्यतः झोपण्यासाठी म्हणून केलेली खोली, जागा निदान 70 स्क्वेअर फूट, नवीन बांधकामात छताची उंची निदान 7 फूट 3 इंच, वीज आणि हवेची सोय, आणि कमीत कमी एक खिडकी. बस. क्लोझेटचा त्यात उल्लेखसुद्धा नाही, ते रिअल इस्टेटवाल्यांच्या तोंडी बसलेलं आहे. तुझी खोली 132 स्क्वेअर फूट, तिला दार आहे, खिडकी आहे. तुझा बिल्डर ‘झोपण्यासाठी’ या शब्दावर बोट ठेवून वाद घालेल, पण शेजारी शॉवरसकट बाथरूम काढलेली स्टडी बघितली की समोरच्याला हेतू न कळायला तो काय दूधखुळा आहे? मग तो सांगणार की दार काढा आणि तिथे रुंद उघडी कमान करा, म्हणजे आडोसा गेला, बेडरूम गेली. आणि आईबाबांना बिनदाराच्या खोलीत, समोरच्या दारापाशी, सहा महिने झोपवणार आहेस का तू?

आता दुसरी गोष्ट, जी बिल्डरने तुला सांगितलेली दिसत नाही. घरातल्या एकूण खोल्या आठच्या वर गेल्या तर नियम सरळ भागाकार करतो: बाथरूम, पॅसेज, कच्चं बेसमेंट सोडून बाकीच्या खोल्या मोजायच्या, दोनाने भागायचं आणि खालचा पूर्णांक घ्यायचा, तेवढ्या बेडरूम आहेत असं गृहीत धरतात. तुझ्या मोज: किचन, फॅमिली रूम, डायनिंग, चार बेडरूम, ही खालची खोली, बोनस रूम. झाल्या नऊ. साडेचारचे चार. म्हणजे आज तू काठावर बसलायस. ज्या दिवशी बेसमेंटमध्ये टीटीची खोली काढायला परमिट मागशील त्या दिवशी दहा होतात आणि दहाचे पाच, मग खालच्या खोलीला तू स्टडी म्हण, देवघर म्हण नाहीतर माजघर म्हण. टेबल टेनिसपायी घरात एक बेडरूम वाढली हे बायकोला समजावून सांग बघू तेव्हा.

डिझाइनचा हिशोब दर बेडरूमला दिवसाला 110 गॅलन सांडपाणी. चारला 440, पाचला 550. घरात माणसं किती हे कोणी विचारत नाही, बेडरूम किती ते विचारतात, कारण माणसं येतात-जातात आणि घर विकलं जातं. ‘सगळं परत करावं लागेल’ हे बिल्डरचं वाक्य मात्र अर्धंच खरं आहे. टाकी दिवसाच्या प्रवाहाच्या दुप्पट लागते पण कमीत कमी 1500 गॅलनची, म्हणजे 440 ला पण 1500 आणि 550 ला पण 1500. टाकी तीच राहते. वाढतं ते टाकीतलं पाणी जमिनीत मुरवणारं लीच फील्ड, साधारण पाव पट, आणि नवीन बांधकामात तेवढीच राखीव जागा वेगळी दाखवावी लागते ती पण तेवढीच वाढते. जागेवर ती बसते की नाही हा खरा प्रश्न. फील्ड तळघराच्या भिंतीपासून 20 फूट लांब लागतं, हद्दीपासून 10, आणि कोणाची पिण्याची विहीर असेल तर तिच्यापासून 100 फूट, शेजाऱ्याची सुद्धा धरून. माती चांगली असेल तर काही नाही, चिकण असेल तर फील्ड पसरत जातं आणि मग अंगणात फक्त फील्डच उरतं.

एक मात्र आधी विचारून घे. तुझी जागा पिण्याच्या पाण्याच्या संरक्षित झोनमध्ये येते का? तिथे साधारणपणे एकराला 440 गॅलनच्या वर जाऊ देत नाहीत, आणि टायटल 5 चा एकर 40,000 स्क्वेअर फुटांचा असतो. म्हणजे पाच बेडरूमला 50,000 स्क्वेअर फूट जागा पाहिजे. कार्लाइलसारख्या गावात जिथे सेप्टिकही आपलं आणि विहीरही आपल्याच अंगणात, तिथेही हाच हिशोब लागतो. जागा तेवढी नसेल तर विषय तिथेच संपला, मग डीड रिस्ट्रिक्शनचा मार्ग राहतो: रजिस्ट्रीत लिहून द्यायचं की या घरात चारच बेडरूम राहतील. ते कायदेशीर आहे, पण कागद घराला कायमचा चिकटतो, पुढचा घेणारा तो वाचतो आणि किमतीत धरतो.

आणि ‘कोण बघायला येतंय’चं उत्तर: घर विकताना टायटल 5 चं इन्स्पेक्शन लागतं, तेव्हा डिझाइन किती बेडरूमचं आणि प्रत्यक्षात किती ते दोन्ही रिपोर्टवर येतं. एजंट पाच बेडरूमचं घर म्हणून जाहिरात करणार आणि कागद चार म्हणणार, मग सौद्याच्या आठवड्यात पळापळ.

माझं मत विचारशील तर आत्ता पाचचं डिझाइन करून घे. खड्डा खणायचं मशीन आत्ता अंगणात आहे, झाडं लावलेली नाहीत, ड्राइव्हवे झालेला नाही. हेच काम दहा वर्षांनी हिरवळ उपटून करायचं म्हणजे डबल खर्च आणि मनस्ताप वेगळा. जाता जाता, किचन सिंकखाली खरकटं दळून पाण्यात सोडणारं डिस्पोजल टाकणार असलास तर नको टाकू, त्यासाठी लीच फील्ड दीडपट मागतात. भाजीची देठं कंपोस्टमध्ये.

सुहासकाका

प्रेषक: अर्चना

काकांनी जमिनीखालचं सांगितलं, मी वरचं सांगते. मी आर्किटेक्टकडे काम करते आणि माझे सासूसासरे अशाच खालच्या खोलीत असतात, त्यामुळे दोन्ही बाजू माहीत आहेत.

प्रसाद, तिथे माणूस झोपणार असेल तर कागदावर काहीही असो, खिडकी बाहेर पडता येईल अशीच पाहिजे. उघडल्यावर मोकळी जागा 5.7 स्क्वेअर फूट, जमिनीलगतच्या मजल्याला 5 चालते, रुंदी निदान 20 इंच, उंची 24, आणि खालची कड खोलीच्या फरशीपासून 44 इंचांच्या वर नको. बिल्डर ‘स्टडी’ला समोरून छान दिसते म्हणून उंचावर एक बंद काच लावून देतात, ती दिसते सुंदर पण आग लागली तर तिचा उपयोग शून्य. खोलीच्या आत एक स्मोक अलार्म आणि बाहेर एक, सगळे एकमेकांना जोडलेले. स्टडी लिहिलं की आतला अलार्म गाळतात, म्हणजे तुम्ही टाउनला गंडवायला जाता आणि आईबाबा बिनअलार्मच्या खोलीत झोपतात. मला तरी याच कारणासाठी बेडरूमच लिहावंसं वाटतं, बाकी सेप्टिक, विक्री वगैरे नंतर.

बाथरूम अर्धी ठेवू नकोस, शॉवर घे, उंबरठा नसलेला. टाइल लावायच्या आधी भिंतीच्या आत कमोडच्या बाजूला आणि शॉवरमध्ये लाकडी ब्लॉकिंग (आधाराच्या फळ्या) मारून घे आणि भिंत बंद व्हायच्या आधी टेप धरून फोटो काढून ठेव, म्हणजे पुढे धरायला बार लावताना नेमकं कुठे ड्रिल मारायचं ते कळतं, हे काम आत्ता काही डॉलरचं आहे आणि नंतर टाइल फोडून करायचं. कमोडच्या मागे एक प्लग पॉइंट काढ, जेट स्प्रे असतोच पण आता आमच्या सासूबाई गरम पाण्याची बिडे सीट मागतात. दोन्ही दारं 36 इंच. आणि त्या खोलीचा थर्मोस्टॅट वेगळा कर. आमच्याकडे जानेवारीत सासूबाई दोन स्वेटर घालून बसायच्या आणि वरती मुलं टीशर्टवर, हीटिंगचा झोन एकच असल्यामुळे रोज महाभारत.

देवघराला पूर्ण खोली कशाला? डायनिंगच्या ईशान्येकडच्या भिंतीत कोनाडा कर, खाली ड्रॉवर, वर दिवा. फक्त अलार्मच्या अगदी खाली नको, नाहीतर आरतीला फायर अलार्मची साथ.

अर्चना

प्रेषक: वैशाली

टॅक्सचं मी सांगते, कारण हा गैरसमज दर वर्षी फेब्रुवारीत माझ्या टेबलावर येतो. प्लॅनवर ऑफिस लिहिल्याने काही होत नाही, आयआरएस (इथलं टॅक्स खातं) तुमचे फ्लोअर प्लॅन बघत नाही. आणि प्रसाद, तू नोकरदार आहेस, घरातल्या ऑफिसची वजावट नोकरदारांना 2018 पासून फेडरल रिटर्नमध्ये मिळतच नाही. स्वतःचा व्यवसाय असेल तर मिळते, तीही ती जागा नियमित आणि फक्त कामासाठीच वापरली तर. सोप्या पद्धतीने स्क्वेअर फुटाला 5 डॉलर, जास्तीत जास्त 300 स्क्वेअर फूट, म्हणजे वर्षाला 1500 डॉलरची वजावट. त्याच खोलीत रात्री आईबाबा झोपले की ‘फक्त’ गेलं. तेव्हा हा मुद्दा यादीतून खोड.

वैशाली

प्रेषक: मंदार

ठीक आहे बाबा, हरलो. पण काका, पाचवी बेडरूम दाखवली की प्रॉपर्टी टॅक्स वाढतो त्याचं काय?

प्रेषक: सुहासकाका

थोडाफार वाढेल. पण असेसर चौरस फूट, बाथरूम आणि एकंदर घर बघून किंमत लावतो, आणि ती खोली व ते बाथरूम तर प्रसाद बांधतोच आहे, नाव काहीही दिलं तरी. नुसत्या नावापायी जो फरक पडेल त्याच्यासाठी सेप्टिक लपवू नये एवढंच म्हणतो.

प्रेषक: प्रसाद

सगळ्यांचे खूप आभार, विशेषतः काका तुमचे, ती नऊ-दहा खोल्यांची गोष्ट मी बिल्डरला विचारली तर तो आधी गप्प बसला आणि मग म्हणाला की बेसमेंटचं परमिट काढायची गरज नसते. त्यावर मी काय समजायचं ते समजलो आणि सेप्टिक इंजिनिअरला परस्पर फोन केला. आमची जागा 62,000 स्क्वेअर फुटांच्या थोडी वर आहे, पाणी टाउनचं आहे, आणि झोनमध्ये आलो तरी 550 बसतं असं तो म्हणाला. माती चाचणीत रेताड निघाली होती, त्यामुळे फील्ड लांबीला वाढेल, फक्त मागच्या बाजूचं डेक चार फूट आत घ्यावं लागेल. बायको डेकवरून थोडी नाराज आहे पण देवघराच्या कोनाड्यावर मांडवली झाली.

तर प्लॅनवर ‘बेडरूम 5’ लिहितोय, क्लोझेटसकट, शॉवरवाली बाथरूम लागून. माझं ऑफिस वर बोनस रूममध्ये, गॅरेजचं दार उघडलं की खालून घरघर येईल ती सहन करू, की आत्ताच मधल्या स्लॅबमध्ये इन्सुलेशन जास्त घालून घेऊ? कोणाची बोनस रूम गॅरेजवर असेल तर सांगा, हिवाळ्यात पाय गार पडतात का. डिस्पोजल काढून टाकलं.

अर्चनाताई, तुझ्या सासूबाईंच्या बाथरूममधल्या त्या बिनउंबरठ्याच्या शॉवरला उतार किती दिलाय आणि पाणी बाहेर खोलीत येत नाही ना, ते मोजून कळवशील का? बिल्डर म्हणतोय असं होतच नाही, आणि मंगळवारी मला त्याच्यासमोर प्लॅन घेऊन बसायचंय.

प्रसाद