मदत हवी आहे: नोकरी सांभाळून बायोकेमिस्ट्रीत पीएचडी

नमस्कार मंडळी. मी रत्नागिरीत कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. बायोकेमिस्ट्रीत एमएस्सी झालंय, आता पीएचडी करायचीच असं मनावर घेतलंय. विषयही पक्का आहे. मिरकरवाडा बंदराकडे कोळंबी सोलली की टरफलं उरतात, त्यातलं कायटिन (टरफलाला कडकपणा देणारा पदार्थ) तोडणारी एन्झाइम्स खाडीच्या चिखलातल्या जिवाणूंत शोधायची.

यूजीसीचे २०२२ चे नियम वाचलेत. एमएस्सीला ५५ टक्के, १२ ते १६ क्रेडिटचं कोर्सवर्क, किमान ३ वर्षं, अर्धवेळ असेल तर नोकरीच्या ठिकाणचं ना-हरकत पत्र, शेवटी प्रबंध आणि तोंडी परीक्षा. शोधनिबंध छापून येणं आता या नियमांत सक्तीचं नाही, तरी मला तो करायचाच आहे.

अडतंय ते पुढेच. नोकरी करणाऱ्यांनी कोर्सवर्कची हजेरी कशी जमवली? प्रवेशासाठी नेट (राष्ट्रीय पात्रता परीक्षा) दिलीत की विद्यापीठाची पेट (पीएचडी प्रवेश परीक्षा)? आणि मुख्य म्हणजे प्रयोगशाळा. एन्झाइमचं शुद्धीकरण म्हणजे थंड सेंट्रिफ्यूज (वेगाने फिरवून घटक वेगळे करणारं यंत्र), कॉलम (प्रथिनं वेगळी करायची नळी) सगळं लागणार. जिवाणूंचा अर्क थंडाव्याबाहेर राहिला तर एन्झाइम मरतं, काम अर्ध्यावर टाकून शेवटची एसटी पकडता येत नाही. कोकणात बाहेरच्या विद्यार्थ्याला अशी सोय कुठे मिळते का? सिंधुदुर्ग, रायगडातल्यांनीही सांगा. गाइडना पहिल्याच पत्रासोबत संशोधनाचा आराखडा पाठवावा का, हेही कळवा.