थर्टी-ऑट-सिक्स आणि घरी भरलेली काडतुसं: तुमचे अनुभव लिहा

पितळी तांब्या (टेक्सास)

दरवर्षी ऑक्टोबर आला की तीनचार जणांचे तरी मेसेज येतात, अरे तुझं ते थर्टी-ऑट-सिक्सचं (.30-06 या रायफलीच्या काडतुसाचं) लोड काय आहे, म्हणजे कुठली गोळी आणि किती पावडर, सांग ना. एकेकाला उत्तर देत बसण्यापेक्षा म्हटलं सगळ्यांनी इथेच लिहूया. अटी दोनच. एक, पावडरचे ग्रेनचे (ग्रेन हे वजनाचं माप) आकडे टाकू नका, कारण माझ्या रायफलीत जे गुण्यागोविंदाने चालतं ते तुमच्या रायफलीत बोल्ट (मागची सरकती खीळ) जाम करू शकतं, त्यासाठी मॅन्युअल आहे. दुसरं म्हणजे फुशारकी कमी, घोळ जास्त. किती मोठं शिंग मिळालं ते फोटोत दिसतंच.

नवीन लोकांसाठी थोडक्यात. या काडतुसाच्या नावातच जन्मसाल आहे, .30 हा बोअर आणि 06 म्हणजे 1906. त्याच्या आधी 1903 चं एक काडतूस होतं ज्यात 220 ग्रेनची बोथट नाकाची गोळी असायची. मग जर्मनांनी टोकदार हलकी गोळी काढली, तेव्हा अमेरिकन लष्कराने केसची (काडतुसाच्या पितळी नळीची) मान जराशी आखूड केली आणि 150 ग्रेनची टोकदार गोळी सुमारे 2700 फूट प्रति सेकंद वेगाने सोडायला लागले. दोन महायुद्धं यावर झाली. शिकाऱ्यांनी तर ते डोक्यावरच घेतलं. .270 विंचेस्टर, .280 रेमिंग्टन, .25-06 ही सगळी याचीच पोरं, याच केसची मान आवळून केलेली.

आता माझा घोळ. मी एच-वन-बी वर असतानाच शिकारीला लागलो. (विचारतात म्हणून सांगतो, त्या व्हिसावर बंदूक बाळगायला कायद्याने मनाई आहे, पण शिकारीचा वैध परवाना असेल तर त्यातून सूट मिळते. तरी आपापल्या वकिलाला विचारा, माझ्या भरवशावर राहू नका.) हंटर एज्युकेशनचा कोर्स केला, सेकंडहँड रेमिंग्टन 700 घेतली आणि दुसऱ्याच वर्षी प्रेस (काडतुसं भरायचं यंत्र) आणला. जानेवारीत, थंडीत, आयएमआर 4350 पावडरवर मॅन्युअलच्या कमाल आकड्याच्या अगदी खाली एक लोड बसवलं. 165 ग्रेनची गोळी, शंभर यार्डांवर तीन भोकं एका रुपयाच्या नाण्याखाली झाकली जायची, मी खूश. तीच काडतुसं ऑगस्टमध्ये डुकरांसाठी घेऊन गेलो, बॉक्स पिकअपच्या डॅशबोर्डवर दोन तास उन्हात तापलेला. पहिला बार काढला, डुक्कर पडलं, आणि बोल्ट उघडेना. तळहाताने ठोकून उघडला तर प्राइमर (बुडातली पावडर पेटवणारी टोपी) पार सपाट झालेला आणि केसच्या बुडावर इजेक्टरचा चकचकीत ठसा. उन्हात पावडर तापली की प्रेशर वाढतं हे वाचलेलं होतं हो, पण डॅशबोर्डवर ठेवताना आठवलं नाही. उरलेली सतरा काडतुसं घरी येऊन एकेक करून उपसली. तेव्हापासून एच4350 वापरतो, ती तापमानाला कमी बधते. नावं सारखी असली तरी आयएमआर 4350 आणि एच4350 या दोन वेगळ्या पावडरी आहेत, एकीचा डेटा दुसरीला लावू नका, मी विनवणी करतोय असं समजा.

ओहायोकर

माझी गंमत अशी की माझ्याकडे अप्रतिम थर्टी-ऑट-सिक्स आहे आणि माझ्याच राज्यात ती हरणाला चालत नाही. ओहायोत गन सीझनला शॉटगन, ठासणीची किंवा सरळ भिंतीच्या केसची रायफल चालते, आपलं काडतूस मानेपाशी आवळलेलं त्यामुळे बाद. दुकानदाराने विकताना सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही, चूक माझीच. मग दरवर्षी पेनसिल्व्हेनियात जातो, बाहेरच्या राज्याचं लायसन काढून, थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी. पूर्वी तिथे सोमवारी सीझन उघडायचा, 2019 पासून शनिवार केला, जुने लोक अजून त्यावर कुरकुर करतात.

एका वर्षी लष्करी पितळ स्वस्तात मिळालं, लेक सिटीचं, दोन डबे. त्यात प्राइमरच्या खाचेभोवती क्रिंप (आत दाबलेली कड) असतो, तो काढल्याशिवाय नवीन प्राइमर बसत नाही. मी पहिले पन्नास प्राइमर जोर लावून लावून बसवायला गेलो आणि निम्मे चेपले. शिवाय लष्करी केसची भिंत जाड असते, म्हणजे आत जागा कमी, म्हणजे तेवढ्याच पावडरला प्रेशर जास्त. स्वस्त पितळ मला बऱ्यापैकी महाग पडलं.

गुहागरी

मी अमेरिकेत नाही, कोकणात आहे, थर्टी-ऑट-सिक्स फक्त तुमच्या फोटोत बघतो. पण "घरी भरणं" हे वाचून राहवलं नाही. आमच्या आजोबांकडे शेती संरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक होती. प्रत्येक बार म्हणजे हँडलोडिंगच की! दारू मोजायला जुन्या काडतुसाची रिकामी नळी, वरून काथ्याचा बोळा, गजाने ठासायचं, मग छर्रे, परत बोळा, आणि शेवटी केप (बार पेटवणारी टोपी). खरी मेख दारूची, पावसाळ्यात ती सादळायची. रात्री भातात डुकरं शिरलेली, आजोबा नेम धरून बसलेले, चाप ओढला की "टिक" आणि मग फुस्स. आजी म्हणायची, दारू चुलीजवळ ठेवली असती तर... आजोबा म्हणायचे, ठेवली असती तर घरच राहिलं नसतं.

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार संपली, बंदूक मात्र राहिली. आता बाबांच्या नावावर आहे आणि दर निवडणुकीला पोलीस ठाण्यात जमा करायला न्यावी लागते, गेल्या कित्येक वर्षांत तिचा तेवढाच प्रवास. तुमच्यासारखं घरात प्रेस मांडून काडतुसं भरणं आपल्याकडे परवान्याशिवाय गुन्हा आहे, कुणी हे वाचून उत्साहाने काही करू नका.

पितळी तांब्या (टेक्सास)

@गुहागरी, "सादळणे" हा शब्द मी वीस वर्षांनी ऐकला, धन्यवाद. इथे पावडरीच्या डब्यावर कोरड्या थंड जागी ठेवा असं छापतात, त्यात ती मजा नाही.

गाजरगवत (विस्कॉन्सिन)

मी घरातली एकटीच शिकार करणारी नाही, नवराही करतो, पण लिहायचा कंटाळा त्याला, म्हणून मीच. पहिल्या वर्षी त्याने मला स्वतःची 180 ग्रेनची काडतुसं दिली. रायफल हलकी, दणका असा की रेंजवर पाचव्या बारापर्यंत मी चाप ओढायच्या आधीच डोळे मिटायला लागले होते. मला वाटत होतं नेम चुकतोय. मग एका म्हाताऱ्या शेजाऱ्याने मला न सांगता रिकामी केस चेंबरमध्ये घालून रायफल हातात दिली, चाप ओढला, बार झालाच नाही आणि नळी मात्र एवढी मोठी उडी मारून खाली गेली. लाज वाटली, पण कळलं. त्या सीझनला पन्नास यार्डांवरची मादी मी चुकवली, डोळे मिटूनच.

पुढच्या वर्षी नवऱ्याने एच4895 वर हलकं लोड भरून दिलं. ही पावडर अशी आहे की कमी भरली तरी नीट पेटते, आणि कंपनीच मुलांसाठी आणि नवशिक्यांसाठी तसा डेटा देते. सगळ्या पावडरींना हे लागू नाही, मंद जळणारी पावडर कमी भरली तर उलट धोका असतो. 125 ग्रेनची गोळी, दणका निम्म्यावर आल्यासारखा, आणि मी त्या वर्षी सत्तर यार्डांवर एका बारात नर पाडला. आता 150 ग्रेनवर आले आहे, त्याच्यावर जायची मला काही गरज वाटत नाही, नवरा काहीही म्हणो.

एक अवांतर. आमच्याकडे 2016 पासून नारिंगीऐवजी भडक गुलाबी जॅकेटही चालतं. बायकांनी शिकारीला यावं म्हणून केलं म्हणे. मी नारिंगीच घालते.

आणि आमच्याकडे हरणांत सीडब्ल्यूडीचा (क्रॉनिक वेस्टिंग डिसीज, मेंदूचा जीवघेणा) रोग आहे, 2002 मध्ये पहिल्यांदा सापडला, त्यामुळे मुंडकं तपासणीला देतो आणि रिपोर्ट येईपर्यंत मटण फ्रीजरमध्ये वेगळं, नाव आणि तारीख लिहून. खिमा करायची कितीही घाई झाली तरी थांबतो.

कढीलिंब (कॅलिफोर्निया)

आमच्याकडे 1 जुलै 2019 पासून शिकारीला शिशाची गोळी पूर्ण बंद. कारण काँडोर गिधाडं, शिकाऱ्याने टाकलेल्या आतड्यांतले शिशाचे कण खाऊन मरायची. नियम झाला तेव्हा मीही चिडलो होतो, कपाटात शिशाच्या गोळ्यांचे चार डबे होते. आता खरं सांगायचं तर परत जाणार नाही. तांब्याची गोळी फुटून विखरत नाही, मटणात कण येत नाहीत, घरी लहान मुलं आहेत.

पण भरताना शिकावं लागतं. तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणून तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते आणि केसमध्ये खोल बसते, पावडरची जागा खाते. शिशाचा डेटा तसाच उचलायचा नाही. आणि तिला वेग लागतो, हळू गेली तर फुलत नाही, आरपार पेन्सिलीसारखं भोक पाडून जाते. माझं पहिलं डुक्कर असंच, गोळी बरोबर लागूनही दीडशे यार्ड पळालं आणि मी करवंदाच्या जाळीसारख्या झुडपात दोन तास रांगत होतो. मग 180 सोडून 150 वर आलो आणि गोळी नळीतल्या आट्यांपासून थोडी मागे बसवली, गठ्ठा (लागोपाठच्या बारांची भोकं) लगेच आवळला. तेवढ्या बदलाने.

नऊ बोटं (टेक्सास)

नावावर जाऊ नका, बोट सुतारकामात गेलं.

माझं म्हणणं, ल्यूब. केसला साइझिंग डायमध्ये (वापरलेली केस परत मापात आणायचा साचा) घालायच्या आधी वंगण लावायचं, किती वेळा सांगायचं. फार लावलं तर खांद्यावर खळगे पडतात, कमी लावलं तर केस डायमध्ये अडकते आणि मग रडत बसा. बूड तुटून येतं, केस आतच.

टेकडीवरचा (कोलोरॅडो)

इथे एल्कसाठी (मोठ्या जातीचं हरीण) अजूनही लोक थर्टी-ऑट-सिक्स आणि 180 ग्रेनची नोझलर पार्टिशन घेऊन जातात. त्या गोळीच्या पोटात मधोमध तांब्याची भिंत असते, पुढचा भाग फुलतो, मागचा शाबूत राहून आत घुसतो. जॉन नोझलरची एका मूसवरची (एल्कहूनही मोठं हरीण) गोळी नीट घुसली नाही म्हणून त्याने ती बनवली, 1948 पासून विकायला लागला. म्हणजे हँडलोडरच्या वैतागातून आलेली गोळी आहे ती.

माझा किस्सा तांब्यारावांच्या उलटा. ऑगस्टमध्ये रेंजवर वेग मोजला, दोनशे यार्डांवर झिरो केलं (नेम जुळवून घेतला), नोव्हेंबरात अकरा हजार फुटांवर पहाटे शून्याच्या खाली. जुनीच पावडर. नंतर तशाच थंडीत मोजलं तर वेग साठ-सत्तर फुटांनी कमी भरला. तेवढ्याने तीनशे यार्डांवर एखाद इंचच इकडेतिकडे होतं, तेव्हा एल्क चुकला त्याचा दोष पावडरला देता येत नाही. धाप लागलेली होती, पाठीवरची बॅग खाली ठेवायलाही थांबलो नाही, उभ्यानेच बार काढला. गोळी त्याच्या पाठीवरून गेली. तो थांबून माझ्याकडे बघत होता आणि मी दुसरं काडतूस भरायच्या नादात हातमोजाच बोल्टमध्ये अडकवला.

सरळसोट

हे सगळं वाचून प्रश्न पडतो, दुकानातून वीसचा डबा का नाही आणत? वर्षाला किती बार काढता तुम्ही, चार? आता 6.5 क्रीडमूरचं काडतूस आहे, दणका कमी, सगळीकडे मिळतं.

पितळी तांब्या (टेक्सास)

@सरळसोट, प्रश्न रास्त आहे. पैसे वाचतात असं सांगणारा माणूस स्वतःला फसवतो, प्रेस, डाय, तराजू, कॅलिपर, ट्रिमर एवढं घेतल्यावर कसले पैसे वाचतात, उलट वाचलेल्या पैशांचे जास्त बार काढतो आपण. आणि 2020-21 मध्ये प्राइमर दुकानांतून गायब झाले तेव्हा तर आम्हीच दुकानातले तयार डबे घेणाऱ्यांच्या रांगेत होतो. पण फेब्रुवारीतल्या रात्री गॅरेजमध्ये रेडिओ लावून पन्नास केस 2.494 इंचांच्या आत आहेत का ते एकेक मोजत बसणं, त्यात मला जे मिळतं ते डब्यात मिळत नाही. टेबलावर एका वेळी एकच पावडरीचा डबा, फोन दुसऱ्या खोलीत. बायको याला जपमाळ म्हणते.

क्रीडमूर चांगलंच आहे. माझ्या मुलाकडे आहे. त्याचं पितळ मी भरतो.

ओहायोकर

@नऊ बोटं, तुमची पोस्ट वाचली आणि हसलो. काल रात्री माझी अडकली. वंगण होतं, पण मुलीशी फोनवर बोलता बोलता एक केस कोरडीच गेली. बूड तुटलं. अडकलेली केस काढायचं ते किट, ड्रिल आणि आटे पाडायचा टॅप येतो ते, कोलंबसच्या आसपास कुणाकडे आहे का? शनिवारी पेनसिल्व्हेनियाला निघायचंय आणि भरलेली फक्त सहा काडतुसं आहेत.

नऊ बोटं (टेक्सास)

फोन दुसऱ्या खोलीत म्हणाले होते ना ते. सहा पुष्कळ झाली. पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवा, किट उद्याच कुरिअर करतो.