मदत हवी आहे : बायपोलरच्या औषध-चाचणीत भाऊ जाऊ म्हणतोय

मंडळी, आम्ही औशाजवळचे. धाकट्या भावाला बायपोलर आहे, म्हणजे मन कधी अती तेजीत, कधी खोल उदासीत जाण्याचा आजार. तेजी लिथियमच्या गोळ्यांनी आटोक्यात आहे, पण उदासीचा झटका आला की सोयाबीन काढणीला आलं तरी गडी खाटेवरून उठत नाही. मोठ्या शहरातल्या एका डॉक्टरांनी नव्या औषधाच्या चाचणीबद्दल सांगितलं. भाऊ तयार आहे, आई म्हणते, "माझं लेकरू काय उंदीर आहे का?"

मी थोडं वाचलंय. चाचणीची नोंद सीटीआरआयवर (औषध-चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीत) हवी, नीतिमत्ता समितीची मंजुरी हवी. २०१९ च्या नियमांनुसार चाचणीमुळे इजा झाली तर उपचार मोफत आणि भरपाईही. मधेच बाहेर पडता येतं. संमतीपत्र मराठीत मागितलंय, अजून आलं नाही. ते घरी आणून सगळ्यांनी वाचल्याशिवाय सही नाही, हे माझं पक्कं.

अडतंय ते वेगळंच. प्लासिबो गटात (खऱ्या औषधाऐवजी तशीच दिसणारी नुसती गोळी मिळणाऱ्यांत) पडला तर लिथियम चालू राहतं का? ते एकदम तोडलं तर तेजी उसळते, हे आम्ही घरात भोगलंय. झोप उडाली तर रात्री फोन कुणाला करायचा? चाचणी संपल्यावर औषध लागू पडलेलं असलं तरी मिळतं का? आणि लातूरहून जाण्या-येण्याचा खर्च खरंच हातात देतात की नुसतं कागदावर?

ज्यांच्या घरचं कुणी अशा चाचणीत होतं त्यांनी सांगा. बाबा-बुवांचे पत्ते नकोत, ते सगळं करून झालंय.