पोलीस भरतीसाठी बीसीएए पावडर द्यावी का? सल्ला हवा

कास्तकार_दारव्हा:
राम राम मंडळी. माझा पोट्टा पोलीस भरतीची तयारी करून राहिला. पहाटे 1600 मीटर धावते, संध्याकाळी गोळाफेक. वजन 60 किलो. सोबतच्या पोरांनी यवतमाळहून बीसीएएचा डबा आणला, आता यालाही पाहिजे. डबा महाग आहे, पण लेकराच्या कामाचा असेल तर पैशाकडं पाहणार नाही. घरी ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, भाजी. अंडं कधीमधी. अजून एक, पुतणीला सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) आहे, दहा वर्षांची आहे. तिला ग्लुटामिन चालते असं कोणी सांगितलं. काय द्यावं, समजून नाही राहिलं.

आहारताई_वर्धा:
भाऊ, डबा घेऊ नका. बीसीएए म्हणजे ल्युसिन, आयसोल्युसिन आणि व्हॅलिन, ही तीनच अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनं ज्यापासून बनतात ते घटक. जेवणातूनच मिळावी लागतात अशी नऊ आहेत आणि स्नायू बनायला नवाच्या नऊ लागतात. त्यातलं ल्युसिन ज्वारीत आधीच भरपूर आहे. ज्वारीत कमी पडते ते लायसिन, आणि ते डाळीत असते. डाळीत मेथिओनिन कमी, ते ज्वारी भरून काढते. म्हणजे भाकर-वरण ही जोडी पक्की आहे, फक्त वरण घट्ट पाहिजे. आपल्याकडं वाटीत पिवळं पाणी जास्त अन् डाळ तळाशी चमचाभर असते, तिथंच पोरं कमी पडतात.

साध्या माणसाला किलोमागं 0.83 ग्रॅम प्रथिनं पुरतात, म्हणजे 60 किलोला 50 ग्रॅम. इतका घाम गाळणाऱ्याला 1.2 ते 1.6 धरा. दोन अंड्यांत 12 ग्रॅम, 50 ग्रॅम कोरड्या सोयावडीत 25 च्या आसपास, मूठभर शेंगदाण्यात 7. एवढं भाकर-वरणावर रोज पडलं की हिशेब जमतो. घरचं सोयाबीन मात्र कच्चं दळून पिठात घालू नका. कच्च्यात प्रथिनाचं पचन अडवणारा घटक असतो. आधी भिजवून नीट उकडा.

भंडारेकर:
ताई, आमच्याकडं लाखोळीची डाळ स्वस्त मिळते. ती चालेल का?

आहारताई_वर्धा:
रोजची मुख्य डाळ म्हणून अजिबात नको. तिच्यात ओडॅप असते. तेही एक अमिनो आम्लच, पण शरीर बांधणारं नाही, नसांना इजा करणारं. महिनोन्‌महिने तीच डाळ पोटभर खाल्ली तर पाय कायमचे आखडू शकतात. गरम पाण्यात भिजवून पाणी फेकलं की ते कमी होते, पूर्ण जात नाही.

मेडिकलवाला_पुसद:
ताईंचं बरोबर. दुकानात हे डबे मीही ठेवतो, तरी सांगतो: किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. घरात कोणी पार्किन्सनसाठी लेवोडोपा घेत असेल तर त्यानं तर हात लावू नये, अमिनो आम्लं त्या गोळीचा असर कमी करतात. 1989 मध्ये अमेरिकेत ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लाच्या दूषित मालानं दीड हजारांवर लोक आजारी पडले, काही दगावले. म्हणून खुला, सुटा, बिनलेबलचा माल कधीच नको. एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षेची सरकारी संस्था) परवाना क्रमांक पाहा.

पुतणीबद्दल: ग्लुटामिन हेही एक अमिनो आम्लच. त्याला अमेरिकेत 2017 मध्ये सिकलसेलचं औषध म्हणून मान्यता मिळाली, पाच वर्षं आणि त्यावरच्या रुग्णांसाठी. 48 आठवड्यांच्या चाचणीत दुखण्याचे झटके मध्यक मोजणीनं (म्हणजे मधल्या रुग्णाचा आकडा) औषध घेणाऱ्यांत 3 आले, औषध नसलेली नकली पूड घेणाऱ्यांत 4. फायदा आहे, पण थोडा. डोस वजनावर ठरतो, म्हणून जिमच्या डब्यातून चमच्यानं देऊ नका. हायड्रॉक्सियुरिया ही सिकलसेलची नेहमीची गोळी चालू असेल तर ती कोणाच्या सांगण्यावरून बंद करू नका. पोरीला घेऊन जिल्हा रुग्णालयात सिकलसेलच्या डॉक्टरांना विचारा.

कास्तकार_दारव्हा:
लय आभार. डबा नाही आणत. पण श्रावणात घरी अंडं शिजत नाही, तेव्हा काय करू?

आहारताई_वर्धा:
महिनाभर अंड्याऐवजी सोयावडी थोडी वाढवा, सोबत दह्याची वाटी आणि मोड आलेली बरबटी (चवळी). सोमवारच्या उपवासाला नुसता साबुदाणा नको, त्यात शेंगदाणे भरपूर टाका आणि सोबत पेलाभर दूध द्या. त्या दिवशी जोराचं धावणं ठेवू नका.